कोरियात शनिवार-रविवार काय करता? (फिरून झालं सगळं, पण रुळल्यासारखं काही वाटत नाही)

सुवॉनची_पाहुणी | १५ ऑगस्ट २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मार्चमध्ये सुवॉनला आलो. माझा व्हिसा एफ-थ्री, म्हणजे नवऱ्याच्या मागून आलेली, नोकरी करता येत नाही. पहिले दोन-तीन महिने मजेत गेले. क्योंगबोकगुंग राजवाड्यात हानबोक (इथला पारंपरिक पोशाख) घालून फोटो (हानबोक घातला की तिकीट लागत नाही हे कळल्यावर नवरा पण घालायला तयार झाला!), नामसान टॉवर, नामी बेट, एक लाँग वीकेंड बुसान. झालं, यादी संपली. आता नवरा शनिवारी अकरापर्यंत झोपतो, मग मी चिडते, मग आम्ही त्याच त्या मॉलमध्ये जातो, तिथे फूड कोर्टात मी काय खाऊ यावर वीस मिनिटं जातात (शाकाहारी आहे, अंडं चालतं), मग घरी येऊन वरणभात. रविवारी आईचा व्हिडिओ कॉल, "काय गं, कुठे गेलात?" "कुठे नाही."

आज १५ ऑगस्ट, इथेही सुट्टी असते, त्यांचाही स्वातंत्र्यदिनच, १९४५ चा. तीन दिवस सलग सुट्टी आणि आमचा प्लॅन शून्य.

तर प्रेक्षणीय स्थळं नकोत, ती नेटवर ढिगाने आहेत. तुम्ही इथे राहणारी माणसं सुट्टीच्या दिवशी नक्की करता काय? आणि "आता हे आपलं गाव" असं कधी वाटलं? मुळात वाटलं का?

ठोंब्या | १५ ऑगस्ट, रात्री ११:५२

पहिला!
नवऱ्याला झोपू द्या ओ. कोरियात नोकरी करतोय बिचारा.

डोंगरवेडा | १६ ऑगस्ट, सकाळी ६:१०

एका शब्दात उत्तर : सान. म्हणजे डोंगर. (आत्ता स्टेशनवर उभा आहे, बुखानसानलाच निघालोय, म्हणून ही वेळ.)

या देशाचा वीकेंड डोंगरावर असतो. मी पहिल्यांदा पेगुन्देला गेलो, म्हणजे बुखानसानचं सगळ्यात उंच शिखर, ८३६ मीटर. आपण सह्याद्रीतले, त्यामुळे आकडा ऐकून हसलो होतो. अंगात ट्रॅक पँट, पायात रोजचे बूट. आजूबाजूला बघतो तर साठी-पासष्टीचे काका-काकू एव्हरेस्टला निघाल्यासारखे, दोन्ही हातांत काठ्या, हातमोजे, मोठ्या झापाची टोपी, पाठीवर सॅक. शेवटच्या टप्प्यात उघडा ग्रॅनाइट आणि त्यावर लोखंडी दोर लावलेला, तिथे माझे बूट घसरायला लागले आणि मी चार पायांवर आलो. मागून एक काकू आल्या, काही न बोलता स्वतःचे हातमोजे काढून माझ्या हातात दिले आणि पुढे निघून गेल्या. वर गाठून परत द्यायला लागलो तर अर्धी काकडी पण मिळाली. इथे डोंगरावर काकडी हे चलन आहे हे लक्षात ठेवा, सोलून उभी चिरून न्यायची आणि वाटायची.

खाली उतरलं की पाजॉन, म्हणजे कांद्याच्या पातीचं धिरडं, आणि माकॉली, म्हणजे तांदळाची दारू. सिंहगडावर भजी-पिठलं-ताक असतं ना, तेच, फक्त हे ताक चढतं.

तुम्ही सुवॉनला आहात तर सोल कशाला गाठताय? क्वांग्योसान तुमच्याच गावात आहे, ५८२ मीटर, सावलीची वाट. पायथ्याला बोरीबापची हॉटेलं आहेत, बार्लीचा भात आणि वर पाचसहा प्रकारच्या पालेभाज्या, शाकाहारी माणसाला यापेक्षा बरं काही मिळणं कठीण. फक्त ऑगस्टमध्ये सातच्या आत चढायला लागा, नंतर घामाने मराल.

ठोंब्या | १६ ऑगस्ट, सकाळी ९:३०

किंबाप, बिबिंबाप, बोरीबाप. या देशात बापांना तोटा नाही.

वरणभात | १६ ऑगस्ट, सकाळी १०:०५

डोंगरवेडा, बोरीबापबद्दल एक सूचना. त्यासोबत जी त्वेंजांगची (आंबवलेल्या सोयाबीनची) आमटी येते तिचं पाणी बहुतेक ठिकाणी सुकवलेल्या बारीक मासळीचं असतं. सुवॉनची_पाहुणी, तुम्ही किती कडक आहात त्यावर ठरवा.

माझा किस्सा सांगते. नवीन असताना एक वाक्य पाठ केलं होतं, "गोगी पेजुसेयो", मांस काढून द्या. किंबापच्या (समुद्रशेवाळात गुंडाळलेला भात) दुकानात मोठ्या ऐटीत म्हटलं. बाई हसून "ने ने" म्हणाल्या. किंबाप आला तर आत हॅम, क्रॅब स्टिक, दोन्ही हजर! मी दाखवलं तर बाई खरोखर गोंधळल्या. त्यांच्या हिशेबाने गोगी म्हणजे गाय-डुकराचं 'मांस'. हॅम म्हणजे हॅम! तेव्हापासून मी प्रत्येक गोष्टीचं नाव घेऊन काढायला सांगते, हॅम नको, मात्साल (ती क्रॅब स्टिक) नको, ओदेंग (माशाची वडी) नको. मागच्या रांगेतले लोक घड्याळ बघतात.

एक खरंच छान गोष्ट म्हणजे देवळातलं जेवण. बौद्ध मठांत मांस-मासे नाहीतच, वर कांदा-लसूणही नाही. माझ्या सासूबाई आल्या होत्या ऐन चातुर्मासात, कांदा-लसूण बंद, मी टेन्शनमध्ये. त्यांना घेऊन गेले सोलच्या जोग्येसा मठासमोरच्या टेंपल फूडच्या हॉटेलात. सासूबाई पानभर जेवल्या आणि म्हणाल्या, "लोक चांगले आहेत हो, तूच उगाच घाबरवत होतीस."

स्पष्टवक्ता | १६ ऑगस्ट, दुपारी १२:२०

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून थोडं कडू लिहितो. रुळायचं कशाला? नवऱ्याचा करार तीन-चार वर्षांचा असेल. पैसे साठवा, फिरा, परत जा. मी नऊ वर्षं आहे. कंपनीत चांगली पोस्ट, भाषा बऱ्यापैकी येते, तरी लिफ्टमध्ये लहान पोर बोट दाखवून "वेगुगिन!" म्हणतं. परदेशी माणूस. नऊ वर्षांनी पण वेगुगिनच.

आणि आपली नावं. पासपोर्टवर आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, हे एवढं लांब. इथल्या लोकांचं नाव तीन अक्षरी. फोन कंपनीत माझं नाव एका पद्धतीने, बँकेत दुसऱ्या, रेसिडेन्स कार्डावर तिसऱ्या. ऑनलाइन ओळख पडताळणीत हे तिन्ही जुळले पाहिजेत, मधली मोकळी जागासुद्धा. परवा एका साइटवर सिनेमाचं तिकीट काढताना माझं आडनाव अर्धं कापलं गेलं आणि मग मी तो नाहीच असं मलाच सांगण्यात आलं. अशा ठिकाणी रुळा म्हणे.

देजॉनचा_टग्या | १६ ऑगस्ट, दुपारी १:१५

@स्पष्टवक्ता, नावाच्या दुःखाला +१. माझ्या प्रोफेसरने पहिल्या दिवशी माझं नाव वाचलं, मान वर केली, आणि वडिलांच्या नावाने हाक मारली. चार वर्षं झाली, लॅबमध्ये मी वडिलांच्या नावानेच ओळखला जातो. बाबांना सांगितलं तर फार खूश, "निदान तिथे तरी माझं नाव निघतंय."

पीएचडीवाल्यांना शनिवार नसतो, त्यामुळे रविवारबद्दलच लिहितो. देजॉनला क्येजोकसान नावाचा डोंगर आहे, त्यावर लाल मातीची वाट आहे, साधारण साडेचौदा किलोमीटर, लोक अनवाणी चालतात. खास माती आणून पसरतात, पाणी मारून ओली ठेवतात, शेवटी पाय धुवायला नळ. कोरियन लोकांना हे फार भारी वाटतं. मी शेतकऱ्याच्या घरचा, मला आईने आयुष्यभर "चिखलात जाऊ नको" म्हणून बदडलंय, आणि इथे माणसं गाडी काढून चिखलात पाय घालायला येतायत. पण खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा पाय टाकला आणि पावसाळ्यातल्या भातखाचराची आठवण येऊन पोटात कालवलं. आता महिन्यातून एकदा तरी जातोच.

येताना सॉंगशिमदांगची बेकरी. १९५६ पासूनची, देजॉनचा अभिमान म्हणा ना. तळलेला सोबोरो पाव मिळतो, आत लाल घेवड्यासारख्या दाण्याचं गोड पुरण. रांग बघून पळू नका, भराभर सरकते.

भाषेचं मात्र मनावर घ्या. हांगुल दोन दिवसांत वाचता येतं, अतिशयोक्ती नाही, राजा सेजोंगने सामान्य माणसाला पटकन यावं म्हणूनच १४४६ मध्ये जाहीर केलेली लिपी आहे. एक वीकेंड त्यात घाला. अर्थ नंतर कळेल, पण पाट्या वाचता यायला लागल्या की बसमधून बाहेर बघण्यातसुद्धा मजा येते. निम्मे शब्द इंग्रजीच निघतात, खोपी म्हणजे कॉफी.

चकलीताई | १६ ऑगस्ट, रात्री १०:४५

अकरा वर्षं सोलमध्ये. दोन मुलं, नोकरी, त्यामुळे माझे वीकेंड म्हणजे पोहण्याचा क्लास आणि भांडी. तरी लिहिते, कारण तुझा शेवटचा प्रश्न मला कुणीतरी तेव्हा विचारायला हवा होता.

आले तेव्हा कचऱ्यापासून सुरुवात झाली. इथे साधा कचरा पालिकेच्या ठरलेल्या विकतच्या पिशवीतच टाकायचा, ओला वेगळा, प्लास्टिक-काच-कागद वेगळं. मी आपली शहाणी, कांद्याच्या साली ओल्या कचऱ्यात टाकल्या. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या अजुम्मा, म्हणजे काकू, माझी पिशवी घेऊन दारात! उघडून एकेक वस्तू बाहेर काढून दाखवली. कांद्या-लसणाच्या साली, अंड्याची टरफलं, हाडं, हे सगळं साध्या कचऱ्यात. ओल्यात तेच जाईल जे जनावर खाऊ शकेल, कारण त्याचं खाद्य बनतं. मी रडकुंडीला आले होते, भाषेचं काही कळत नव्हतं, फक्त सालीकडे बोट आणि "आनद्वे!" (चालणार नाही!) एवढंच कळत होतं.

अलीकडे आमच्या बिल्डिंगमध्ये एक नवा मुलगा राहायला आला, कोरियनच, पहिल्यांदाच घर सोडून एकटा राहणारा. त्याने कांद्याच्या साली ओल्या कचऱ्यात टाकताना मी बघितलं आणि माझ्या तोंडून आपोआप "आनद्वे!" निघालं. त्याला उभं करून सगळं समजावलं. पोरगा कमरेत वाकून सॉरी म्हणाला. वर येऊन नवऱ्याला म्हटलं, झालं बाई, मी अजुम्मा झाले.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, मला तेव्हा वाटलं. दहा वर्षांनी. (घाबरू नकोस, तुला लवकर वाटेल.)

@स्पष्टवक्ता, लहान पोरांचं काय घेऊन बसलात. आपल्याकडे गावात गोरा आला तर आपण त्याच्या मागे पूर्ण वेशीपर्यंत जायचो.

स्पष्टवक्ता | १६ ऑगस्ट, रात्री ११:१०

ताई, मुद्दा मान्य. पण तुम्ही 'अजुम्मा' झालात, कोरियन नाही झालात.

चकलीताई | १६ ऑगस्ट, रात्री ११:१८

कोरियन कुणाला व्हायचंय? मला पिशवी कुठली ते कळलं की पुरे.

कोकणी_खलाशी | १७ ऑगस्ट, सकाळी ८:००

हा धागा नुसता डोंगर-डोंगर करतोय. आम्ही समुद्रावरची माणसं. मी कोजे बेटावर आहे, जहाजबांधणीच्या यार्डात मालकाच्या साइट टीममध्ये, नवीन जहाज उतरेपर्यंत दोन-दोन वर्षं मुक्काम. बेट म्हणजे आता बोटीने यावं लागत नाही, २०१० पासून बुसानहून पूल आणि समुद्राखालचा बोगदा मिळून रस्ता आहे.

शाकाहारी मंडळींची माफी मागून लिहितो. पहिले तीन महिने घरची फार आठवण यायची, आमची रत्नागिरीची जीभ. मग एका रविवारी मासळी बाजारात गेलो आणि टोपलीत चांदीच्या पट्ट्यासारखी वाकटी! इथे काल्ची म्हणतात. शेजारी कोदुंगो, म्हणजे बांगड्याचा चुलतभाऊ. मला कोरियनचा एक शब्द येत नव्हता, पण मासा कसा बघायचा ते येतं ना, कल्ला उचलून बघितला, डोळा बघितला. विकणाऱ्या आजीने माझ्याकडे बघून मान डोलवली आणि पुढ्यातला बाजूला सारून खालच्या बर्फातला काढून दिला. आता दर रविवारी तिच्याकडेच जातो. ती मला ताजा देते, मी तिला एकदा बांगड्याचं तिखलं नेऊन दिलं. पुढच्या रविवारी डबा रिकामा, धुतलेला, आणि आत किमची.

सुट्टीत कुणी आलात तर हाकदोंगचा किनारा बघा. वाळू नाही, काळे गुळगुळीत गोटे, लाट परत जाताना गोट्यांचा जो आवाज होतो तो ऐकत बसायचं. एक गोटा खिशात टाकावासा वाटेल, टाकू नका, मनाई आहे.

बुसानवाली | १७ ऑगस्ट, दुपारी २:३०

कोकणी_खलाशी, तिखल्याची रेसिपी द्या, इथे त्रिफळं नाहीत तर काय घालता?

मूळ विषयावर : चिमजिलबांग कुणी कसं लिहिलं नाही? की सगळे लाजताय? :)

मीच लिहिते मग. सार्वजनिक गरम पाण्याची अंघोळ आणि त्याला जोडून गरम खोल्या. खोल्यांमध्ये सगळे एकत्र, टी-शर्ट-चड्डीचा युनिफॉर्म देतात, तिथे काही प्रश्न नाही. पण अंघोळीचा भाग बायका-पुरुष वेगळा आणि आत... काहीही घालायचं नाही. काहीही म्हणजे काहीही. मी स्विमिंग सूट घालून गेले होते. आतल्या पंचवीस-तीस बायका, त्यातल्या आज्या सुद्धा, माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मीच तेवढी नागडी आहे.

दहा मिनिटांनी एक आजी शेजारी येऊन बसली, माझ्या हातात घासणी दिली आणि स्वतःची पाठ माझ्याकडे केली. घासली काय करणार. मग तिने माझी घासली. एवढी घासली की दिवाळीच्या उटण्याचं काही चाललं नसतं तिच्यापुढे. नंतर बाहेर टॉवेलचे ते मेंढीच्या शिंगांसारखे गोंडे डोक्यावर बांधून भाजलेली अंडी खात आणि सिखे (तांदळाचं गोड पेय) पीत जमिनीवर लोळत पडले, जमीन खालून गरम. डिसेंबरमध्ये यासारखं सुख नाही. पहिल्यांदा मैत्रिणींसोबत जाऊ नका, एकट्या जा, अनोळखी लोकांत लाज कमी वाटते.

कोकणी_खलाशी | १७ ऑगस्ट, दुपारी ३:०५

त्रिफळं घरून येतात, आईच्या कृपेने. संपली की इथे छोपी नावाचं एक असतं, मासळीच्या सूपवर घालायची पूड, त्रिफळाच्याच कुळातलं. वास अगदी तसा नाही, पण नाक मिटून चालतं.

कोथरूडचे_काका | १९ ऑगस्ट, सायं. ६:५०

मी कोरियात राहत नाही, पण लेक-जावई बुंदांगला असल्यामुळे दोनदा दोन-दोन महिने राहून आलो आहे, तेव्हा ज्येष्ठांच्या कोट्यातून लिहितो.

लेकीने पहिल्या खेपेला डीएमझेड, म्हणजे उत्तर आणि दक्षिण कोरियामधला सैन्यमुक्त पट्टा, दाखवला. पासपोर्ट जवळ लागतो. तो तिसरा बोगदा, उत्तरेने खणलेला, १९७८ मध्ये सापडला, त्यात हेल्मेट घालून उतरलो, उतरताना काही वाटलं नाही, चढताना गुडघ्यांनी हिशेब मागितला. गाइड बाई सगळं सांगत होत्या, पण एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही ती मी बसमध्ये सांगितली. १९५३ ला युद्ध थांबल्यावर जे हजारो युद्धकैदी मायदेशी परत जायला तयार नव्हते त्यांना सांभाळायला तटस्थ म्हणून भारतीय सैन्य याच पट्ट्यात आलं होतं. आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि प्रत्यक्ष कैद्यांवरच्या त्या दलाचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. आपले, कोल्हापूरकडचे! दक्षिण कोरियाच्या सरकारचा इतका विरोध होता की आपल्या जवानांना त्यांच्या भूमीवर पाय ठेवू देईनात, म्हणून इंचॉनच्या बंदरातून हेलिकॉप्टरने थेट या पट्ट्यात नेऊन उतरवलं. छावणीचं नाव हिंद नगर.

दुसऱ्या खेपेला मी एकटाच मेट्रोने समगाकजीला जाऊन वॉर मेमोरियल बघून आलो. प्रवेश फुकट, सोमवारी बंद. भारताच्या ६० पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्सची नोंद आहे तिथे, १९५० मध्ये आलेली वैद्यकीय तुकडी. आमच्या जावयाला नऊ वर्षांत जायला वेळ झाला नव्हता.

स्पष्टवक्ता | १९ ऑगस्ट, सायं. ७:३०

काका, बुंदांग, नऊ वर्षं, वेळ नसलेला जावई... तुमच्या लेकीचं नाव विचारत नाही, पण मला घाम फुटलाय.

कोथरूडचे_काका | १९ ऑगस्ट, सायं. ७:४१

घाबरू नका. आमचा जावई इतकं मराठी टाइप करू शकत नाही.

ठोंब्या | १९ ऑगस्ट, सायं. ७:४२

:हाहा: धाग्याचं सार्थक झालं.

सुवॉनची_पाहुणी | २४ ऑगस्ट, रात्री ९:००

बाप रे, केवढे प्रतिसाद! सगळ्यांना धन्यवाद, सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. ठोंब्या, तुमचा प्रतिसाद त्याने स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

कडक नाही मी वरणभात ताई, आमटी बाजूला ठेवून जेवेन. डोंगराचं ठरवलंय, पण बुधवारी गणपती बसतायत, आमचा पहिलाच इथे. मूर्ती येताना सामानात आणली होती, शाडूची, दीड दिवसाचा. मोदकांना तांदळाची पिठी इथली चालते का? सुपरमार्केटमध्ये दोन-तीन प्रकार दिसले.

बुसानवाली | २४ ऑगस्ट, रात्री ९:२०

थांब!!! पिशवीवर चापसाल लिहिलं असेल तर घेऊ नकोस. तो चिकट तांदूळ. मी पहिल्या वर्षी तीच आणली, उकड काढली, हाताला चिकटली ती सुटेना, कशाबशा अकरा मोदकांना कळ्या पाडल्या आणि वाफवायला ठेवले. पंधरा मिनिटांनी झाकण काढलं तर अकरा मोदकांचा मिळून एक मोदक झाला होता. बाप्पासमोर तो सुरीने कापून ठेवला. तुला हवा तो मेपसाल, आपला साधा तांदूळ.

चकलीताई | २४ ऑगस्ट, रात्री ९:५५

मेपसालची पण दोन प्रकारची मिळते, कोरडी आणि भिजवलेल्या तांदळाची ओलसर. ओलसर फ्रीजरच्या कपाटात असते, ती उकडीला घेतलीस तर पाण्याचं प्रमाण चुकतं. कोरडीच घे.

अवांतर : छुसॉकच्या सणाला हे लोक सोंगप्योन करतात ते बघितलंयस का? तांदळाच्या पिठीची पारी, आत तीळ-मध किंवा डाळीचं सारण, पाईनच्या सुया अंथरून त्यावर वाफवतात. आमच्या शेजारच्या अजुम्मांना मी मोदक दिला तर त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "सोंगप्योन आहे, पण याला एवढी नाकं कशाला?" छुसॉक आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे बऱ्याच वर्षी आपली अनंत चतुर्दशी झाली की लगेच. यंदा मात्र त्यांचा अधिक महिना येऊन गेला, त्यामुळे ६ ऑक्टोबरला, ऐन कोजागिरीला आलंय.

डोंगरवेडा | २५ ऑगस्ट, सकाळी ६:३०

गणपती झाला की चढा मग. सप्टेंबर उत्तम. आणि पायात धड बूट घाला, माझ्यासारखं करू नका.

अजून एक, ह्वासॉंग किल्ला तुमच्या गावातच आहे आणि तुम्ही यादीत लिहिला नाहीत! १७९४ ते ९६ मध्ये बांधलेला, तटबंदी पावणेसहा किलोमीटर, संध्याकाळी पूर्ण फेरी मारता येते. युद्धात पडझड झाली होती, पण बांधतानाचा सगळा हिशेब, नकाशे, कुठला दगड कुठे, मजुराला किती पैसे, हे लिहून ठेवलेलं होतं म्हणून जसाच्या तसा उभा करता आला. १९९७ मध्ये युनेस्कोच्या यादीत. आपले बारा किल्ले यंदा जुलैत त्या यादीत गेले तेव्हा मी मुद्दाम तिथे जाऊन एक चक्कर मारली.

सुवॉनची_पाहुणी | ७ ऑक्टोबर, रात्री १०:१५

धागा वर काढतेय. सातच्या सात दिवस सुट्टी आहे इथे, ३ ते ९, गाड्यांची तिकिटं कधीच संपलेली, त्यामुळे आम्ही गावातच.

क्वांग्योसान आतापर्यंत तीनदा झाला. पहिल्यांदा नवऱ्याला साडेपाचला उठवलं तेव्हा जे बोलला ते इथे लिहीत नाही. अर्ध्यात दम लागून एका बाकावर बसलो, मी काकडीचा डबा काढला (मीठ-तिखट लावून नेली होती, डोंगरवेडा, हे तुम्ही सांगितलं नव्हतं). शेजारी दोन आजोबा होते, त्यांना दिली. एकाने खाल्ली, डोळे मोठे केले, दुसऱ्याला काहीतरी बोलला, आणि दोघांनी अजून एकेक मागून घेतली. मला फक्त "मॅवो" कळलं, म्हणजे तिखट. नवरा मध्ये पडून त्याच्या ऑफिसच्या कोरियनमध्ये बोलायला लागला. मग गंमत म्हणजे तिसऱ्या खेपेला तेच आजोबा परत भेटले! लांबूनच हात केला आणि बोटांनी काकडी चिरल्याची खूण केली. त्या दिवशी मी नेमकी नेली नव्हती. इतकं वाईट वाटलं ना.

बोरीबाप खाल्ला, आमटी नवऱ्याला दिली. फॅमिली सेंटरमध्ये कोरियनच्या क्लासला नाव घातलंय, मंगळवार-गुरुवार. वर्गात मी, दोन व्हिएतनामी मुली, एक उझबेकी बाई, आणि शिकवणाऱ्या बाई आम्हा सगळ्यांना एकाच सुरात ओरडतात.

स्पष्टवक्ता, तुमचं पण पटतं अधूनमधून. काल बँकेच्या ॲपने मला पण सांगितलं की मी मी नाही.

आणि काल कोजागिरी आणि छुसॉक एकदम! मसाला दूध केलं, चारोळ्या नव्हत्या, इथल्या पाईनच्या बिया घातल्या, चालून गेल्या. गच्चीला कुलूप असतं म्हणून गॅलरीतून वाकून चंद्र बघत होतो, तर वरच्या मजल्यावरचं कुटुंब पण तसंच वाकलेलं. त्यांच्या आजीने संध्याकाळी सोंगप्योनची बशी आणून दिली होती. बशी रिकामी परत द्यायची नाही एवढं मला कळतं, पण आता काय द्यावं? मोदकाची पिठी शिल्लक आहे.

कोकणी_खलाशी | ७ ऑक्टोबर, रात्री १०:२०

तिखटमिठाची काकडी द्या. आजीने आजोबांकडून ऐकलंच असेल.

बुसानवाली | ७ ऑक्टोबर, रात्री १०:२६

पिठी कुठली आहे ते आधी पिशवीवर वाच.